निधनाच्या पानाचं कुलूप

बाबालाल मुलाणी आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या सासूबाई सोप्यात बसून शेंगा फोडत होत्या. काकांनी टोपी सारखी केली, खिशातून पेन काढलं आणि त्यांना तोंडावर विचारलं, "आक्का, तुमच्या पश्चात नातवंडं किती धरायची?"

मी नवी सून. लग्नाला आठवडा झालेला. माझ्या सांगलीच्या माहेरी कुणी असं विचारलं असतं तर आईनं त्याला जिन्यावरून खाली घालवला असता. मी पाण्याचा तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले. सासूबाईंनी मात्र शेंगदाणा तोंडात टाकला, बोटं मोजली आणि म्हणाल्या, "चार धर. धाकट्या लेकीला दिवस गेल्यात, पर ते झाल्यावर लिव. आन् सुना आता दोन झाल्या बघ, ही नवी." अशा रीतीनं उंब्रज गावात माझी पहिली नोंद झाली ती सासूबाईंच्या निधनवार्तेत. सासूबाई आजही ठणठणीत आहेत आणि शेंगा स्वतःच्या दातांनी खातात.

बाबालालकाका म्हणजे आमच्या गावचे पेपरचे एजंट आणि वार्ताहर, दोन्ही एकच. एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्याच्या शेजारी त्यांचा पेपरचा स्टॉल. चाळीस वर्षं सांगलीच्या एका पेपरला ते बातम्या देतात. पेपरचं नाव सांगत नाही, सगळे ओळखतात. रस्त्याचे खड्डे, शाळेचं स्नेहसंमेलन, बैलांचा बाजार, सगळं ते लिहितात, प्रत्येक बातमीखाली त्यांचं नाव येतं, पण नाव झालं ते निधनामुळं.

आमच्या भागात पेपर मागून उघडतात. राजकारण, क्रिकेट, सगळं नंतर. आधी तालुक्याच्या पानावरचं निधन. कोण गेलं, आणि मुख्य म्हणजे तिसऱ्या दिवशीचं रक्षाविसर्जन किती वाजता. लग्नाला नाही गेलात तर एक वेळ चालतं. रक्षाविसर्जनाला गेला नाहीत तर ते घर तुमच्याशी दहा वर्षं नीट बोलत नाही. अशा बातमीत चूक झालेली कुणाला परवडेल?

काकांची म्हणून चूक कधी झाली नाही. "खात्री झाल्याबिगर माणूस मरत न्हाई" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरात रडारड चाललेली असली तरी ते कोपऱ्यात उकिडवे बसणार, आणि एखादी बाई जरा शांत झाली की हळूच विचारणार, जावई दोन का तीन? म्हणून तर त्यांनी धडधाकट माणसांना आधीच विचारून ठेवायची पद्धत पाडली. गावात कुणाला नातू झाला की पेढा आधी देवाला, मग बाबालालकाकांना, आकडा वाढवायला.

एकदा चरेगावच्या दोन भावांनी वडिलांच्या बातमीत एक बहीण गाळली. जमिनीवरून वाकडं आलं होतं. "तीन मुली" असं सांगितलं. काका चहा न पिता उठले आणि म्हणाले, वडलांनी मला सोता चार सांगितल्यात, आता जाता जाता एक कमी कशी करू? छापून आल्या चारच. भाऊ भांडायला स्टॉलवर आले. काकांनी त्यांना स्टूल दिलं, चहा पाजला, आणि एकही शब्द बदलला नाही.

तर असा हा माणूस, आणि दोन वर्षांपूर्वी सांगलीहून त्याला पत्र आलं. तालुक्याचं पान यापुढं छापणार नाही. ते मोबाइलवर येईल. आणि मोबाइलवरही फोटो आणि पहिल्या दोनतीन ओळी सगळ्यांना दिसतील, पुढचं वाचायला वर्गणी भरावी लागेल.

काका मोबाइल घेऊन माझ्या दुकानात आले. कुलूप कुठं हाय ते दाव, म्हणाले. मी बातमीखालचं छोटं पिवळं कुलूप दाखवलं. त्यांनी त्यावर बोट ठेवून दाबलं, मग जरा जोरात दाबलं.

मला वाटलं, आता हे पेपरवाल्यांना शिव्या घालणार. मीच घालायला लागले, माझं तोंड तसं फटकळच. तर त्यांनी मलाच गप्प केलं. पेपर फुकट कवा व्हता, म्हणाले. चाळीस वर्षं स्टॉलवर उभ्याउभ्या फुकट वाचणाऱ्यांशी त्यांनी भांडणं केलेली. बातमी आणायला पाय झिजतात, त्याचं मोल द्यायला पाहिजे, हे त्यांचं पक्कं मत. त्यामुळं माणूस कात्रीत सापडला. कुलूप बरोबर होतं आणि कुलूप चूक होतं, आणि दोन्ही त्यांनाच पटत होतं.

महिन्याभरात मसूरला सासूबाईंची मावसबहीण गेली. मोबाइलवर तिचा फोटो दिसला, नाव दिसलं, आणि त्याखाली कुलूप. रक्षाविसर्जनाची वेळ आतमध्ये. सासूबाईंनी आपल्या अंदाजानं दहाला जायचं ठरवलं. आम्ही पोचलो तर सगळे परत निघालेले, साडेआठलाच उरकलं होतं. बहिणीच्या मुलांनी आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. सासूबाई घरी येऊन ज्या रडल्या, त्या बहिणीसाठी कमी आणि उशिरासाठी जास्त.

दुसऱ्या दिवशी काका दारात आले, आत येईनात. "मी लिवलं व्हतं, आक्का," एवढंच म्हणाले. "साडेआठची येळ लिवली व्हती." त्या दिवसापासून त्यांनी आमच्याकडचा चहा सोडला.

विट्याकडची निम्मी तरणी माणसं परमुलखात सोनं-चांदी गाळायची दुकानं टाकून बसलीत. गलाईवाले म्हणतात त्यांना. आमच्या गावातलेही कितीतरी त्यांच्याकडं कामाला. ही माणसं मद्रास मुलखात बसून सकाळी पहिलं आपल्या गावचं निधन बघायची. कुलूप लागल्यावर ती काकांना फोन करायला लागली. काका वर्गणी भरायची विनंती करायचे, तोवर समोरचा विचारायचा, कोण गेलं तेवढं सांगा की. मग काकांना राहवायचं नाही. निम्मा दिवस फोनवर निधन सांगण्यात जायचा. त्यांनी सांगलीला सात अर्ज केले, टायपिंग अर्थात माझं. प्रत्येकाला एकच उत्तर यायचं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

आणि मग सुभेदार घाडग्यांची भानगड झाली.

सुभेदार दिनकर घाडगे म्हणजे फौजेतून निवृत्त होऊन ऊस लावलेला माणूस. मिशी फौजेतली, आवाज त्याहून फौजेतला. त्यांच्या उसाला कारखान्याचं एकरी उत्पादनाचं पहिलं बक्षीस जाहीर झालं. काका बातमी सांगायला बसले, मी टाइप करत होते. त्यांची पद्धत अशी की कुठलीही बातमी माणसाच्या जन्मापासून सुरू करायची. मी म्हटलं, काका, आधी बक्षीस घाला की. ते म्हणाले, माणूस कळल्याबिगर बक्षीस काय कळतंय?

मोबाइलवर बातमी आली ती अशी. वर सुभेदारांचा टोपीतला फोटो. खाली, "उंब्रज येथील सेवानिवृत्त सुभेदार दिनकर घाडगे यांनी देशसेवेनंतर काळ्या आईची सेवा केली. अत्यंत मनमिळाऊ, कष्टाळू आणि सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे म्हणून ते पंचक्रोशीत परिचित." आणि पुढं कुलूप.

आता आमच्याकडं जिवंत माणसाला मनमिळाऊ कुणी म्हणतं का, सांगा. त्यात सुभेदारांना! सकाळी नऊपर्यंत गावभर झालं, सुभेदार गेले. घराला कुलूप, दोघं नवराबायको गावात नाहीत, फोन बंद. गुडघ्याच्या ऑपरेशनला मिरजेला गेलेत एवढं एकाला माहीत होतं, त्यानं तर सगळ्यांचीच खात्री पटली. माजी सैनिक टोप्या घालून जमले. ऊसतोड थांबली. चौकात भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, आणि त्यासाठी फोटो माझ्याच दुकानात स्कॅन झाला, खोटं कशाला बोलू. मीच बातमी टाइप केलेली, आणि मीच फोटो स्कॅन करताना डोळे पुसले. गर्दीत उभं राहिलं की डोकं चालत नाही हेच खरं.

काका धावत आले. अरे बक्षिसाची बातमी हाय ती, मी लिवलीय, असं ओरडून सांगायला लागले. कुणी ऐकेना. माजी सैनिकांतला एक म्हातारा म्हणाला, "बाबालाल, बक्षीस तीन दिसापूर्वीचं. त्यानंतर ऑपरेशन झालंय. माणूस हाय ह्याची खात्री हाय का तुला?"

काकांचं तोंड एवढंसं झालं. खात्री नव्हती. अंत्ययात्रेच्या तयारीनं कमरेला टॉवेल बांधलेले लोक त्यांच्याकडं बघत होते.

मी दुकानाचं शटर ओढलं. आमच्या यजमानांनी गाडी काढली, आणि आम्ही तिघं मिरजेला निघालो. वाटेत काका खिडकीतून बाहेर बघत स्वतःशी पुटपुटत होते. मला वाटलं अल्लाचं नाव घेतायत. जरा कान दिला तर, "दोन मुलगे, एक मुलगी, जावई, पाच नातवंडं." मी म्हटलं, काका, तोंड बंद ठेवा. त्यांनी ठेवलं, पण बोटं मोजतच होती.

हॉस्पिटलात विचारत विचारत वरच्या मजल्यावर गेलो. दाराशी पोचायच्या आधीच आतून आवाज आला, उपम्यात मीठ नाही म्हणून सुभेदार नर्सची हजेरी घेत होते. काका आत गेले. पलंगाजवळ जाऊन त्यांनी सुभेदारांचा पाय दोन्ही हातांनी धरला. तो नेमका ऑपरेशनचा पाय होता. सुभेदार असे ओरडले की खालच्या मजल्यावरच्यांचीसुद्धा खात्री झाली असेल.

मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडं सुभेदारांच्या दारात अख्खं गाव, हार, टोप्या. इकडं सुभेदार, हातात उपम्याची डिश. सुभेदारांनी विचारलं, माझ्या दारात ही कसली परेड? ज्यानं हार आणला होता त्यानं तो हळूच पाठीमागं घेतला. सुभेदारांनी हुकूम सोडला, फ्लेक्स उतरवा, तोड चालू करा, डिसमिस. माजी सैनिकांनी फोनकडं बघून सॅल्यूट ठोकला आणि लोक जे हसत सुटले, ते मिरजेत ऐकू आलं.

सगळं कळल्यावर सुभेदार म्हणाले, बघू तरी काय लिवलंय माझ्याबद्दल. त्यांच्या मोबाइलवर बातमी उघडली. फोटो, मनमिळाऊ, कुलूप.

"फोटो माझा, ऊस माझा," सुभेदार म्हणाले, "आन् बातमी मलाच दिसंना? मुलाणी, सांगली इथनं कितीशी लांब हाय? आत्ताच्या आत्ता हेडक्वार्टरला रिपोर्ट करा."

चाळीस वर्षांत काका त्या ऑफिसात पार्सलच्या खिडकीच्या पुढं कधी गेले नव्हते. बातम्या आधी एसटीच्या ड्रायव्हरबरोबर जायच्या, मग फॅक्सनं, मग माझ्या दुकानातून. जिन्याखाली त्यांनी सदरा झटकला, चपला काढायला लागले, मी दटावून पुन्हा घालायला लावल्या.

संपादक मॅडम माझ्याच वयाच्या. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, पण बाई दमलेली दिसली. त्यांनी पहिल्यांदा काकांना बसायला सांगितलं, मग सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, काका, जाहिराती मोबाइलवाल्यांनी नेल्या, कागद परवडत नाही. बातमी तुमच्यासारख्यांनी उन्हातान्हात आणायची आणि लोकांनी फुकटात एकमेकांना पाठवायची, असं किती दिवस चालेल? कुलूप काढलं तर उद्या ऑफिसलाच कुलूप लागेल.

काका मान हलवत होते, पटत होतं त्यांना. मला भीती वाटली, हे आता उठून सलाम करून येतात. पण त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कुलूप काढा असं मी म्हनतच न्हाई," ते म्हणाले. "राजकारण कुलपात ठेवा, क्रिकेट ठेवा, सुभेदाराचा ऊस ठेवा. लोकं पैसं भरतील, न्हाई भरलं तर मी भरायला लावतो. पर मॅडम, मेलेल्या माणसाला कुलूप लावू नका. त्याला भेटायची ती शेवटची येळ असती. ती इकायची न्हाई."

मॅडमशेजारी बसलेल्या कॉम्प्युटरवाल्यानं कुलूप अख्ख्या पानाला असतं, एका बातमीचं काढता येत नाही, असं सांगितलं. काका म्हणाले, मग दुसरं पान करा. कॉम्प्युटरवाल्यानं मॅडमकडं बघितलं. मॅडमनी खिडकीतून बाहेर बघितलं, आणि म्हणाल्या, करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी निधनाचं पान उघडं झालं. सगळ्या तालुक्यांचं, एकट्या उंब्रजचं नाही. काकांनी स्टॉलवर उभं राहून पान वर केलं, खाली केलं, पुन्हा वर केलं. कुठंच कुलूप नव्हतं. ज्या चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला होता तिथं माजी सैनिकांनी काकांच्या फोटोचा अभिनंदनाचा फ्लेक्स लावला, आणि त्यात काकांचं वर्णन मनमिळाऊ असं करायचं का नाही यावर एक तास चर्चा झाली. शेवटी "निर्भीड" वर भागवलं. काका आमच्या घरी आले आणि न सांगता चहाला बसले. सासूबाईंनी दोनदा साखर घातली.

पण बाईला दिलेला शब्द काका विसरले नाहीत. बाकीच्या पानाचे वाचक आणायचे होते. ते घरोघरी हिंडले. वर्गणी कशी भरायची ते मी शिकवलेलं, ते त्यांनी गावाला शिकवलं. चुकारपणा करणाऱ्यांना त्यांचं एकच सांगणं असायचं, "फुकट फॉरवर्ड करशील तर मेल्यावर चार ओळी मिळायच्या न्हाईत." मोठमोठे बागायतदार घाबरून वर्गणी भरायला लागले. गलाईवाल्यांनी तर एकमेकांना सांगून भरली. उंब्रजचं पान सगळ्या जिल्ह्यात पुढं गेलं, असा मॅडमचा फोन आला, आणि हा फोन काकांनी मला स्पीकरवर तीनदा ऐकायला लावला. एकदाच आला होता, पण त्यांनी पुन्हा लावून तेच बोलायला सांगितलं.

परवा सांगलीहून उंब्रजच्या पानाच्या वर्गणीदारांची यादी आली, नावं-गावं तपासून द्या म्हणून. काका अर्थातच प्रत्येकाला फोन करून तपासणार. मी कॉम्प्युटरवर यादी उघडली. ज्या क्रमानं लोकांनी वर्गणी भरली त्या क्रमानं नावं होती. पहिलं नाव कुलूप लागलं त्याच दिवसाचं होतं. आम्ही अर्ज करत होतो, भांडत होतो, त्याच्याही आधी, पहिल्याच सकाळी कुणीतरी पैसे भरून पान उघडलं होतं.

मी वाचलं, "इम्तियाज बाबालाल मुलाणी, कोइम्बतूर."

काकांना मुलगा आहे हे गावाला ठाऊक आहे, पण त्यांच्यासमोर कुणी नाव काढत नाही. मी लग्न होऊन आले त्याच्या पुढच्या वर्षी तो घर सोडून गेला. काकांच्या बायको, आमच्या चाची, त्याच्या आधीच वारल्या होत्या. पेपरचा धंदा मेलाय, आब्बा, स्टॉल बंद करा आणि माझ्याबरोबर चला, असं तो म्हणाला होता. पेपरला मेला म्हणणारा माझ्या घरात नको, असं काका म्हणाले होते. त्याला अकरा वर्षं झाली. ना ह्यांचा फोन, ना त्याचा.

काका स्टुलावर बसले. पुन्हा वाच, म्हणाले. मी वाचलं. आणखी एकदा वाच, म्हणाले. मग म्हणाले, "दोन वर्सं झाली, सूनबाई. दोन वर्सं पोरगं रोज माझी बातमी वाचतंय, आन् मला पत्त्या न्हाई."

त्यांनी मोबाइल काढला. मी यादीतला नंबर एकेक आकडा करून सांगितला, ते एकेक दाबत गेले. रिंग वाजली. स्पीकर चालूच होता, त्यांना बंद करता येत नाही. तिकडून "हॅलो" आलं आणि काका ताठ बसले, ऑफिसात बसले होते तसे.

"नमस्कार, उंब्रजचा वार्ताहर बोलतोय," ते म्हणाले. आवाज फाटला, त्यांनी पुन्हा लावला. "यादी तपासाय फोन केलाय. आपलं पान नीट उघडतं का?"

तिकडं कुठलंतरी मशीन चालू होतं. ते बंद झाल्याचं आम्हाला ऐकू आलं.

"उघडतं की, आब्बा," तो म्हणाला. "रोज सकाळी आधी तुमचं नाव बगतो, मग दुकान उघडतो."